कवळीवाल्या बापूंचे राक्षस

बापूंनी केलेल्या प्रत्येक राक्षसाला माणसाचे दात असत. म्हणजे कवळीचेच, पण एकदम पाहिलं की माणूस दोन पावलं मागं सरायचा. पलूसच्या पेठेत एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला बापूंची खोली होती. दातांचे डॉक्टर मापं पाठवत आणि बापू त्यावरून कवळ्या करून देत. कामातून जे प्लास्टर आणि जो हिरड्यांचा गुलाबी मसाला उरे, त्याच्या वैशाखात, बुद्धपौर्णिमेला, पोरांना वाटायला बुद्धाच्या छोट्या मूर्ती होत, आणि बाकीचं वर्षभर राक्षस. एकाच फळीवर दोन्ही शेजारी शेजारी वाळत असायचे. मी एकदा विचारलं, "बापू, ह्यांचं एकमेकांशी जमतं का?" तर म्हणाले, "जमवून घेत्यात. जागा कमी हाय."

माझी त्यांची ओळख झाली ती सासूबाईंच्या दातांमुळं. मी साताऱ्याची, बँकेच्या बदलीनं पलूसला आलेली. नवरा फौजेत, म्हणून सासूबाई माझ्याजवळ. त्यांची जुनी कवळी बोलताना टकटक वाजायची आणि सासूबाई बोलायच्या भरपूर. नवीन कवळी बसवताना त्यांनी बापूंना विचारलं, "आवं, ह्ये दात खायाचं हायती का नुसतं दाखवायचं?"

"आजी, आदी हासून दाखवा," बापू म्हणाले. "हासताना बसलं की खाताना बसत्यातच."

सासूबाई हसल्या. ही किमया मला लग्नापासून जमली नव्हती. तेवढ्यात माझी नजर फळीवरच्या एका गुलाबी, तीन डोळ्यांच्या, दात विचकलेल्या प्रकरणाकडं गेली आणि मी विचारलं, हे काय?

"ह्यो? ह्यो घाटात बसतो. येणाऱ्याजाणाऱ्याला आडवतो. तुमी रविवारी दुपारी काय करता?"

"झोपते."

"मग या की. झोप काय, म्हातारपणी हायच."

तर असा तो खेळ. मधे टेबल. बापू सांगणार, बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं. कुणी लोहार, कुणी वाटाड्या, कुणी चोर. बापू म्हणणार, तुम्ही जंगलातून चाललाय, पुढं पडका पूल आहे, खालून कुणीतरी रडतंय. काय करता? आपण सांगायचं काय करतो ते. जमेल की नाही अशी शंका असली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला की जमलं, बारका आला की फजिती. हा खेळ बापूंना त्यांच्या मुलीनं शिकवला. ती पुण्याला कंपनीत, टाळेबंदीत घरून काम करायला आली आणि संध्याकाळी मैत्रिणींबरोबर कॉम्प्युटरवर हा खेळ खेळायची. बापू आधी तिला राक्षस करून देऊ लागले, मग मागं बसून ऐकू लागले, मग मधे मधे सुचवू लागले. ती पुण्याला परत गेली तेव्हा खेळ इथंच राहिला. फासासुद्धा बापूंनी कवळीच्याच मसाल्याचा केला होता. हिरडीच्या रंगाचा तो फासा हातात घ्यायला पहिल्यांदा मला किळस वाटली. पुढं पुढं तो दुसऱ्या कुणी आधी उचलला तर राग यायचा.

दिसायला बापू म्हणजे काडी. पांढरा कोट, कोपरापर्यंत प्लास्टर, आणि दुनियेला दात देणाऱ्या ह्या माणसाच्या तोंडात स्वतःचे मोजकेच दात. पण त्याचा त्यांनी असा काही उपयोग करून घेतला होता की नटांनी शिकावं. प्रत्येक सोंगाला वेगळी कवळी. राजा बोलायचा तो भरगच्च पांढऱ्या दातांनी. कारभाऱ्याचे दात पुढं आलेले. आणि चेटकीण यायची असली की बापू रुमाल तोंडाशी नेत आणि होती ती कवळी काढून ठेवत. रुमाल वर गेला की आम्ही खुर्च्या मागं सारायचो.

नाही हा शब्द ते कधी म्हणत नसत. कितीही येडपट कल्पना काढा, बापू म्हणणार, "करून बघा की." एकदा आम्ही गुहेत शिरलो. आत दोन डोक्यांचा भयंकर बैल. बापूंनी आठवडाभर खपून तो केला होता, लढाई ठरलेली होती. पण संपत म्हणून आमच्यात एक शेतकरी होता, तो म्हणाला, "बापू, ह्येच्या बरगड्या दिसत्यात. ह्येला कुणी वैरण घातलीया का?" झालं. लढाई राहिली बाजूला. आम्ही गुहेबाहेर जाऊन उसाचं वाडं आणलं, दोन्ही तोंडांना वेगवेगळं घातलं, खरारा केला. बापूंचा बेत पार पाण्यात गेला होता, पण चेहरा असा खुलला होता की विचारू नका. "मारायच्या आदी जेवला का इच्चारायचं," हे त्यांचं वाक्य त्या दिवसापासूनचं.

आता संपतबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट त्याची आहे. त्याची आणि त्याचा चुलतभाऊ महादेव याची बोलाचाली बंद होती. दोघं पन्नाशीचे, एका अंगणात वाढलेले, एका ताटात जेवलेले. सामाईक विहिरीच्या पाळीवरून वाजलं, मोटार जळली, कुणी जाळली यावरून आणखी वाजलं, आणि बास. कित्येक वर्षं एकमेकांच्या दारावरून तोंड फिरवून जात. बोलायची अगदीच वेळ आली तर मधे तिसरा माणूस लागायचा. "त्याला सांगा, पाणी सोडलंय." "त्याला सांगा, मला डोळं हायती."

संपत खेळात आधीपासून होता, भैरू लोहार म्हणून. महादेव पुढचा दात बसवायला बापूंकडं आला, रविवारी दुपारीच आला, आणि बापूंनी त्याला म्हटलं, "दात वाळंपर्यंत बसा की हितं." वाळायला काय लागतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर कळलं, दात वाळवावा लागतच नाही.

महादेव बसला, संपतला पाठ करून. बापूंनी त्याला वाटाड्याचं सोंग दिलं, नाव धर्मा. पहिल्याच डावात राजाच्या सैनिकांपासून पळायचं होतं आणि समोर जोंधळ्याचं उभं रान. बापू म्हणाले, रानातून गेलास तर सुटशील. महादेव म्हणाला, "दुसऱ्याच्या पिकातनं कसं जायाचं? बांधानं जातो." बापूंनी समजावलं, मागं घोडेस्वार आहेत. "असूद्यात. त्या शेतकऱ्यानं काय घोडं मारलंय?" तो बांधानं गेला आणि आम्ही सगळे पकडले गेलो. तिकडं तोंड करून बसलेला संपत इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि महादेवनं मागं न बघता पाण्याची बाटली मागं सारली.

बापूंच्या टेबलाचा एकच कडक नियम होता. खेळ चालू असताना खरं नाव घ्यायचं नाही. जो घेईल त्यानं सगळ्यांना चहा करायचा. त्यामुळं संपत आणि महादेव एकमेकांशी बोलत नव्हते, पण भैरू लोहार आणि धर्मा वाटाड्या बोलू लागले. आणि काय बोलत! जंगलात शेकोटीपाशी बसल्यावर लोहार विचारणार, "वाटाड्या, तुझ्या म्हातारीचं गुडघं कसं हायती?" वाटाड्या म्हणणार, "आमच्या राज्यात आपरेशन करत्यात आता. तारीख मिळालीया." महादेवच्या आईचं, म्हणजे संपतच्या चुलतीचं ऑपरेशन होतं सांगलीला. त्या आठवड्यात दवाखान्यात कुणीतरी नारळपाणी ठेवून गेलं, नाव न सांगता. मी बापूंकडं पाहायची. बापू फासा पुसत बसलेले असायचे, साळसूद.

आणि ह्या सगळ्यात संपतच्या मुलीचं लग्न ठरलं. तिला सख्खा भाऊ नाही. आमच्याकडं लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, असा त्याचा अर्थ. महादेवचा मुलगा तिच्यासोबतच वाढलेला, राखी त्यालाच बांधत आलेली, आता फौजेत. कान पिळायचा तर त्यानंच. पण भाऊबंदकीत बोलणंच नाही तर बोलवायचं कुणी आणि यायचं कुणी? कान पिळायला शेजारचा कुणीतरी उभा करू, असं संपत एकदा माझ्यापाशी म्हणाला. ज्या पोरीला महादेवनं खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, तिच्या मांडवात महादेव नसणार होता.

बापूंना हे ठाऊक होतं. आणि इथं बापू चुकले.

त्या दिवसांत आमचा खेळ एका गावात येऊन अडकला होता. गावातलं पाणी कडू होत होतं, वासरं नाहीशी होत होती, आणि राक्षस कोण ते कळत नव्हतं. एका रविवारी बापूंनी पुरावा म्हणून मेणाची वडी टेबलावर ठेवली. राक्षसानं अर्धवट खाऊन टाकलेली भाकरी. तिच्यावर दातांचे खरेखुरे ठसे. आम्ही वेडे झालो. मी खेळातली चोर, म्हणून गावातल्या प्रत्येकाला काही ना काही खायला देऊन त्याचे दात तपासत हिंडले. पाटील, कारभारी, देवळातला गुरव, कुणाचेच जुळेनात. मग संपतच्या लक्षात आलं, की वरचे ठसे एका तोंडाचे आहेत आणि खालचे दुसऱ्याचे. राक्षस दोन असावेत. "का एकाला दोन तोंडं?" महादेव म्हणाला. बापूंचे डोळे चमकले.

पुढच्या रविवारी बापूंनी रुमालाखाली झाकून राक्षस आणला. अंग एक, तोंडं दोन. एक तोंड विहिरीच्या ह्या बाजूनं पाणी पिणारं, दुसरं त्या बाजूनं. दोघं एकमेकांना चोर म्हणणारे, आणि पोट एकच. मला ऐकतानाच अवघडल्यासारखं झालं. बापूंची गोष्ट कधी इतकी उघडी नसायची.

महादेवनं राक्षस उचलला, तोंडापाशी नेला, आणि त्याचा चेहरा उतरला. "बापू, ह्यो दात माझा हाय."

खरंच होतं. बापूंकडं दोघांच्याही तोंडाची मापं होती. एका जबड्यात त्यांनी महादेवचे दात घातले होते, वाकडा सुळा धरून. दुसऱ्यात संपतचे.

"आमचा तमाशा मांडलाय व्हय?" महादेव उठला. "मी हितं खेळाया येत हुतो." राक्षस टेबलावर ठेवून तो गेला. संपतही चपला घालून निघाला.

"बापू, असं का केलंत?" मी विचारलं. मला राग आला होता.

"घाई झाली वो," ते म्हणाले. "लगीन जवळ आलं म्हणून घाई झाली. प्लास्टर वाळायच्या आदीच साचा उघडला मी." मग म्हणाले, "खेळात शिकवण घालायची न्हाई, ह्ये माझ्या पोरीला मीच सांगत हुतो."

बापूंना गाडी येत नसे. दुसऱ्या दिवशी बँक सुटल्यावर त्यांनी मला स्कूटरवर महादेवच्या रानात न्यायला लावलं. मांडीवर पिशवी, पिशवीत राक्षस. महादेव उसाला पाणी देत होता. आम्हाला पाहून त्यानं खोरं थांबवलं नाही. बापू बांधावरून त्याच्यापर्यंत गेले, कोटाला चिखल लागला, आणि त्यांनी राक्षस पुढं धरला. "म्हादबा, चुकलं माझं. ह्यो घ्या. फोडून टाका."

महादेवनं खोरं टेकवलं आणि राक्षस घेतला. मला वाटलं, आता दगडावर आपटणार. पण तो त्याला फिरवून दुसऱ्या तोंडाकडं बघत राहिला. त्या जबड्यात पुढं एक फट होती.

"ही फट माझीच हाय," तो म्हणाला.

बापूंना कळेना. "न्हाई वो, ते संपतरावांचं माप…"

"माप त्येचंच. दात मी पाडला. शाळंत असताना, माझी विटी लागली. लय रगत आलं. घरी त्यानं सांगितलं, मी पायरीवर पडलो. माझं नाव घेतलं न्हाई." महादेव बराच वेळ त्या फटीवर अंगठा फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, "ठिवून जावा ह्येला हितं."

परतताना बापूंनी रिकामी पिशवी घडी घालून खिशात ठेवली.

रविवारी मी गेले तेव्हा टेबलापाशी संपत आणि बापू दोघंच बसलेले. खेळ मांडलेला नव्हता. मग दारात महादेव दिसला, टॉवेलात गुंडाळलेला राक्षस घेऊन. त्यानं तो मधोमध ठेवला, आपल्या जागेवर बसला आणि बापूंना म्हणाला, "चालू करा."

बापूंनी कवळी चढवली नाही, आवाज बदलला नाही. साध्या आवाजात म्हणाले, "राक्षस विहिरीवर बसलाय. तुमास्नी बघतोय. काय करताय?"

कुणी फासा उचलेना. महादेव म्हणाला, "धर्मा भैरूशी बोलतो." आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा तो संपतकडं तोंड करून बसला. "लोहारा, तुझ्या घरी लगीन हाय म्हणं. नवरदेवाचा कान पिळाया माणूस हाय का?"

संपतनं भैरूसारखं उत्तर द्यायचा प्रयत्न केला. लोहाराचा तो घोगरा आवाज काढायला तोंड उघडलं, पण आवाज आला तो त्याचा स्वतःचाच. "न्हाई रं म्हादा."

"माझा हाय की. रजा तर त्यानं कवाच टाकलीया."

"कुणी सांगितलं त्येला?"

"मी. सुपारी फुटल्याचं कळलं तवाच."

संपतनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. खरं नाव घेतल्याबद्दल संपतला चहा करायला कुणी सांगितलं नाही. बापूच उठले, स्टोव्ह पेटवला आणि आमच्याकडं पाठ करून चहाला आधण ठेवलं. गावातल्या पाण्याचं पुढं काय झालं ते खेळात राहूनच गेलं.

लग्नाच्या आधी मी बापूंना विचारलं, सकाळी किती वाजता निघायचं? ते म्हणाले, "तुमी व्हा फुडं. माझं एक तातडीचं काम हाय." मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, त्यांना पत्रिकाच आली नव्हती. मला आली होती, त्यांच्या खोलीच्या मालकाला आली होती, बापूंना नाही. बोलावणं कुणाच्या घरी जातं आणि कुणाच्या घरी जात नाही, ह्याची आमच्याकडची रीत मी जन्मापासून बघत आले आहे. नको तीच शंका मनात आली. बापूंच्याही आली असणार, पण ते एवढंच म्हणाले, "गडबडीत ऱ्हातं."

लग्नाला मी गेले ती धुमसतच. मांडवाच्या दारात फेटे बांधलेले संपत आणि महादेव खांद्याला खांदा लावून उभे. मला पाहून संपतनं विचारलं, "बापू कुटं हायती?"

"बोलावलं नाही तिथं कसे येतील?" मी म्हटलं.

संपत महादेवकडं वळला. "तू अक्षत दिली न्हाईस?"

"मी? तुझ्या घरचं कार्य. बापूंचा मान पयला, तो तू करणार म्हणून मी गेलो न्हाई."

"आरं, मी म्हटलं, तुला घेऊन आलं ते बापू. तूच जाशील."

इतकी वर्षं जे एकमेकांना पाण्याचा थेंब सोडत नव्हते, ते दोघं एकमेकांसाठी मान सोडून बसले होते, आणि त्यात बापू राहिले होते. महादेवनं कुणाची तरी मोटरसायकल ओढली, संपतनं किल्ली फिरवली आणि दोघं गेले.

मुहूर्त जवळ आला तसा भोंग्यावर पुकारा सुरू झाला. "नवरीचे वडील असतील तिथून स्टेजकडं यावं. नवरीचे चुलते असतील तिथून यावं." दोघांचा पत्ता नाही. मांडवात कुजबूज सुरू झाली. "परत वाजलं वाटतं दोघांचं." "मी म्हटलंच हुतं, टिकायचं न्हाई." मी सांगत होते, तसं नाही, पण ऐकतंय कोण? भटजी घड्याळ बघत होते. महादेवचा मुलगा नवरदेवाच्या मागं उभा राहून दाराकडं बघत होता. आणि मला वेगळीच भीती. बापू मानी माणूस. नाहीच आले तर?

मग मोटरसायकलचा आवाज आला. पुढं संपत, मागं महादेव, मधे बापू. अंगावर कामाचा कोट. साच्यात प्लास्टर ओतत असतानाच त्यांना उचललं होतं, हात धुवायलाही सवड दिली नव्हती. संपतच्या नव्या कपड्यांना लागू नये म्हणून बापूंनी दोन्ही पांढरे हात वर आकाशात धरले होते. त्यामुळं त्यांनी कशालाच धरलं नव्हतं. मागून महादेवनं दोन्ही हातांनी त्यांना कवेत घेतलं होतं.

मांडवाच्या दारात संपतची बायको तांब्या घेऊन आली. तिनं बापूंच्या हातांवर स्वतः पाणी घातलं, बोटं मोकळी होईपर्यंत घातलं. बापू संकोचून म्हणत होते, "पुरं गं बाई, लगीन खोळंबलंय."

"खोळंबू द्या," ती म्हणाली.

त्याच महिन्यात माझी बदली झाली, आणि पुढच्या पावसाळ्यात बापू गेल्याचं मला संपतच्या फोनवरून कळलं. त्यामुळं मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या मांडवात, दोघा भावांच्या मधे उभे असलेले. मंगलाष्टकं सुरू झाली, सगळ्यांबरोबर बापूंनीही हात पुढं केला आणि अक्षता टाकल्या. पण हात पुसायलाही त्यांना कुणी वेळ दिला नव्हता. सगळ्या अक्षता त्यांच्या ओल्या तळहाताला चिकटून राहिल्या. ते पुन्हा पुन्हा हात झटकत होते, आणि अक्षता काही पडत नव्हत्या.